सोन्याचा वॉकमन आणि तंबोऱ्याची जवारी

२०१६ साली सोनी कंपनीने एक वॉकमन बाजारात आणला. त्याचं कवच तांब्याच्या भरीव ठोकळ्यातून कोरून काढलेलं आणि वर सोन्याचा मुलामा. वजन साडेचारशे ग्रॅम, म्हणजे सदऱ्याच्या खिशात ठेवला तर माणूस एका अंगाला कलेल. अमेरिकेतली किंमत सुमारे ३,२०० डॉलर. त्याच्या आदल्या वर्षी याच कंपनीने जपानात ६४ जीबीचं एक मेमरी कार्ड १८,५०० येनांना विकायला काढलं होतं. साध्या कार्डात आणि यात फरक काय, तर माहिती वाचली जात असताना यातून विजेचा उपद्रव कमी होतो आणि म्हणून गाणं अधिक चांगलं वाजतं, असा दावा.

या वस्तूंची टिंगल करणं सोपं आहे आणि ती भरपूर झालेली आहे. मला त्यांच्यात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. 'ध्वनीचा दर्जा' हा शब्दप्रयोग आपण करतो तेव्हा तो दर्जा नेमका कुठे राहतो असं आपण मानतो, याचं उत्तर त्या सोन्याच्या कवचात आहे. तो यंत्रात राहतो, असं हे कवच सांगतं. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्या मंडळींतही हा समज आता पक्का होत चालला आहे. बऱ्याच फोनांमधून हेडफोनची खाच गेली. साठवलेल्या फाइलींचा ढीग मात्र प्रत्येकाकडे वाढतो आहे. त्यामुळे पन्नाशी-साठीतले चांगले जाणकार श्रोते एकमेकांना विचारताना दिसतात, की नुसतं गाणं ऐकायचं, तर खिशातला प्लेअर कोणता घ्यावा? या प्रश्नाला खरेदीचा सल्ला म्हणून उत्तर देता येईल, आणि पुढे मी ते थोडंफार देणारही आहे. पण आधी हा प्रश्न समीक्षेचा आहे. एखाद्या कवितेबद्दल लिहिताना आपण जे गुण कवितेला लावतो ते कवितेतच आहेत, की छपाईत, की आपल्या चष्म्यात, हे तपासावं लागतं. इथेही तेच करायचं आहे.

चालताबोलता गाणं ऐकण्याच्या इतिहासात दर्जाचा प्रश्न उशिराच आला. १९७९ साली पहिला वॉकमन निघाला तेव्हा त्याला हेडफोनच्या दोन खाचा होत्या. एकट्याने ऐकत बसणं असभ्य दिसेल अशी धास्ती खुद्द सोनीच्या अकिओ मोरिता यांना होती. शुहेई होसोकावा या जपानी अभ्यासकाने १९८४ मध्ये वॉकमनवर जो निबंध लिहिला, त्याचं सगळं लक्ष शहरातून कानाला यंत्र लावून चालणाऱ्या माणसावर आहे. आवाज कसा येतो, हा त्याचा विषयच नाही. २००१ साली आयपॉड आला तो 'हजार गाणी खिशात' हे आश्वासन घेऊन. पाच जीबीत हजार गाणी बसवायची, तर प्रत्येक गाणं सीडीवरच्या मूळ माहितीच्या साधारण नवव्या हिश्श्यात आणावं लागत होतं. ते काम एमपी३ने केलं.

एमपी३बद्दल तुच्छतेने बोलण्याची रीत आहे. पण जोनाथन स्टर्न यांनी २०१२ साली या एकाच फाइल-प्रकारावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते वाचल्यावर ही तुच्छता टिकत नाही. माणसाचा कान काय ऐकत नाही याविषयीचा एक सिद्धान्त प्रत्येक एमपी३मध्ये गोठवलेला असतो, आणि त्याची मुळं टेलिफोन कंपन्यांच्या संशोधनापर्यंत जातात, अशी त्यांची मांडणी आहे. मोठ्या आवाजाच्या आड लपणारे बारीक आवाज टाकून द्यायचे, हे त्यातलं मुख्य तत्त्व. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी ही पद्धत घासूनपुसून घेतली ती सुझान व्हेगा यांच्या 'टॉम्स डायनर' या गाण्यावर. साथीशिवायचा एकटा गळा. मागे काहीच नसल्यामुळे चूक लपवायला जागा नव्हती.

आता विचार करा, की फ्राउनहोफरमधल्या त्या मंडळींच्या हाती तंबोऱ्याची फीत पडली असती तर? जवारी लावलेल्या तारेतून निघणारा स्वर म्हणजे वरच्या अंशस्वरांचा सतत उलगडत जाणारा पदर. तो बारीक असतो, अखंड असतो, आणि गायकाच्या आवाजामागे असतो. म्हणजे टाकून देण्याच्या निकषांत अगदी चपखल बसणारा. कमी माहितीत कोंबलेल्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट किंवा त्याहून खालच्या फाइलींमध्ये तंबोरा पाण्याखालून आल्यासारखा, बुडबुड असा ऐकू येतो, तो यामुळे. तबल्याचं दुखणं वेगळं. चाटेवरचा कडक 'ना' वाजण्याच्या निमिषभर आधी त्याची एक अस्पष्ट सळसळ पुढे धावत येते; आवाजाचे छोटे तुकडे करून ते एकत्र दाबण्याच्या पद्धतीचा हा परिणाम आहे. फाइल ३२० किलोबिटची असेल, तर ही दोन्ही दुखणी बहुतेक कानांना सापडत नाहीत. आणि २००१ पासून उपलब्ध असलेल्या फ्लॅकमध्ये तर काहीच टाकलं जात नाही. जागा निम्म्याच्या आसपास लागते आणि उघडल्यावर मूळ माहिती आकड्यान् आकडा परत मिळते. एवढं झाल्यावर दर्जाची चर्चा संपायला हवी होती. प्रत्यक्षात ती तिथून सुरू झाली.

साठवण स्वस्त झाली तेव्हा विकायला नवं काही हवं होतं. २०१२ साली कोरियातून ॲस्टेल अँड कर्नचा पहिला प्लेअर आला आणि 'सीडीहून वरचढ' फाइलींची भाषा रुळली. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. नव्या फाइलींत ९६,००० किंवा १,९२,००० नमुने, २४ बिटांचे. आकडा मोठा, म्हणून आवाज चांगला. वास्तविक नमुन्यांची संख्या फक्त एवढंच ठरवते, की किती उंच स्वरापर्यंतची नोंद होईल. ४४,१०० नमुन्यांत २०,००० हर्ट्झच्या थोडं पुढपर्यंतचं सगळं येतं, आणि साठीतल्या अनेक कानांना त्याच्या निम्म्याच्या जरा पलीकडचंही ऐकू येत नाही. बिटांची संख्या ठरवते ती शांततेपासून गडगडाटापर्यंतचं अंतर. दर बिटामागे सहा डेसिबल, म्हणजे १६ बिटांत ९६. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना वरच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवून असं न सांगता ऐकवलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून यापेक्षा फार वेगळं काही हाती लागलं नसतं. २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात किंचित फरक ओळखता येतो असं दिसलं, आणि शिकवून तयार केलेल्या कानांना तो थोडा अधिक येतो असंही. म्हणजे फरक शून्य आहे असं म्हणणं अतिरेकाचं होईल. पण जो फरक टिपायला शांत खोली, तालीम आणि वारंवार तुलना लागते, तो लोकलमध्ये किंवा सकाळच्या फेरीत आपल्याला आनंद देईल, हे म्हणणं त्याहून मोठा अतिरेक आहे.

नील यंग यांचा पोनो हा प्लेअर या कहाणीतला सर्वांत प्रामाणिक माणसाचा सर्वांत फसलेला प्रकल्प. २०१४ साली लोकवर्गणीतून साठ लाखांहून अधिक डॉलर जमले. यंग यांची तळमळ खरी होती. मुद्रणकक्षात कलावंत जे ऐकतो ते श्रोत्याला मिळावं, ही त्यांची मागणी कुणालाही पटेल अशीच. पण तिच्यावरचा उपाय त्यांनी तिकोनी डबीत शोधला. २०१७ मध्ये सगळं गुंडाळावं लागलं. मला वाटतं, त्यांनी हेच पैसे आणि हीच वकिली मुद्रणांच्या मूळ प्रतींच्या निगराणीवर लावली असती, तर निष्पन्न वेगळं झालं असतं.

आता भाषेकडे येतो. प्लेअरच्या परीक्षणांत वारंवार येणारे शब्द पाहा. ऊबदार, कोरडा, रेशमी, पडदा सरकल्यासारखा, गायक समोर बसल्यासारखा, काळ्याभोर पार्श्वभूमीवर उमटणारा. आपल्याकडची मंडळी त्यात गोलाई, आस, दाणा यांची भर घालतात. यातला प्रत्येक शब्द मूळचा माणसाच्या गळ्यासाठी किंवा लाकूड, चामडं आणि तार यांच्यासाठी घडलेला आहे. गोलाई असते ती गायकाच्या आवाजात. ती प्लेअरमध्ये आहे असं म्हणणं म्हणजे चांगल्या कादंबरीचं श्रेय कागदाला देणं. कागद चांगला असावाच. पण त्याचा चांगुलपणा म्हणजे तो मधे येत नाही.

हे नुसतं म्हणून भागत नाही, म्हणून आम्ही तिघा मित्रांनी एका रविवारी तीन प्लेअर एकाच टेबलावर मांडले. एक लाखाच्या घरातला, एक काही हजारांचा, आणि एक जुना, एकेकाळी पुष्कळ वाखाणला गेलेला. फाइल एकच, सावकाश चाललेला यमन. पहिल्या फेरीत तिघांनीही महागड्याला कौल दिला. मग मी चारशे हर्ट्झचा एकसुरी नाद तिन्हींवर वाजवला आणि हेडफोनच्या तारांपाशी मल्टिमीटर लावून तिघांची पातळी सारखी करून घेतली. महागडा प्लेअर आधीच्या फेरीत जवळजवळ एक डेसिबलने चढा होता. इतका फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही, 'जास्त स्पष्ट' म्हणून जाणवतो. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांची तुलना बहुधा इथेच निकालात निघते. पातळी सारखी केल्यावर, यंत्र टॉवेलखाली झाकून ऐकवलं तेव्हा लाखाचा कोणता आणि हजारांचा कोणता हे आम्हा तिघांपैकी कुणालाही खात्रीने सांगता आलं नाही.

तिसरा, जुना प्लेअर मात्र दर वेळी ओळखू आला. एका मित्राच्या शब्दांत तो 'ऊबदार' होता. तंबोरा मऊ, सारंगी मवाळ, वरचा काठ झिजलेला. हा गुण त्याच्या कोणत्या भागातून येत होता, हे शोधणं मला महत्त्वाचं वाटलं, कारण इथे तरी यंत्राला स्वभाव असल्याचा पुरावा दिसत होता. उत्तर शाळेतल्या ओहमच्या नियमात सापडलं. प्रत्येक प्लेअरला बाहेर पडतानाचा स्वतःचा थोडा विद्युत अडथळा असतो. या जुन्या प्लेअरचा तो दहा ओहमच्या आसपास होता. आम्ही वापरत होतो तो इअरफोन अनेक चिमुकले ध्वनिजनक बसवलेला, आणि अशा इअरफोनचा अडथळा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा, तो मधल्या स्वरांना ३२ ओहम आहे आणि वरच्या स्वरांना घसरून ८ वर येतो. दहा ओहमच्या प्लेअरला हा जोडला, तर वरचे स्वर मधल्यांच्या तुलनेत जवळजवळ पावणेपाच डेसिबलने खाली बसतात. प्लेअरचा अडथळा एक ओहम असेल, तर ही घट पाऊण डेसिबलवर येते. म्हणजे 'ऊब' प्लेअरमध्येही नव्हती आणि इअरफोनमध्येही नव्हती. ती दोघांच्या जोडीत होती. दुसरा, सर्वत्र सारखा अडथळा असलेला हेडफोन लावताच ती नाहीशी झाली. एका परीक्षकाला ऊबदार वाटलेलं यंत्र दुसऱ्याला साधं का वाटतं, यावर पानंच्या पानं वाद झडतात. त्यातला बराचसा या एका भागाकाराने मिटतो.

म्हणून सल्ला द्यायचाच तर तो रुक्ष आहे. प्लेअरचा बाहेरचा अडथळा हेडफोनच्या अडथळ्याच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. एक-दोन ओहमच्या आत असेल तर डोळे झाकून घ्यावा. इअरफोन नाजूक, फार संवेदनशील असेल, तर रात्री शांत खोलीत काहीही न वाजवता प्लेअर नुसता चालू करून ऐकावा. 'हिस्स' असा वारा आला तर परत करावा. सेन्हायझरच्या एचडी ६०० सारखा तीनशे ओहमचा मोठा हेडफोन असेल, तर प्लेअरमध्ये तो हलवण्याइतका जोर आहे का ते पाहावं, नाहीतर जुनी, हळू मुद्रित केलेली बैठक पूर्ण आवाजावरही पुटपुटल्यासारखी येते. आणि ब्लूटूथवरच ऐकायचं असेल, तर प्लेअरच्या आत कोणती चिप आहे ही चौकशी सोडून द्यावी. आकड्यांचं ध्वनीत रूपांतर तेव्हा इअरफोनच्या आतच होत असतं. महागडी चिप खिशात झोपून असते. उरलेला पैसा हेडफोनवर खर्च करावा. दोन हेडफोनांच्या स्वभावात असलेला फरक आंधळ्या चाचणीतही लपत नाही.

परीक्षणांत जवळजवळ कधीच न येणारी एक गोष्ट ख्याल ऐकणाऱ्याला मात्र रोज छळते. अनेक सीडींवर बडा ख्याल आणि छोटा ख्याल यांचे दोन वेगळे भाग केलेले असतात. तंबोरा मधे थांबत नाही, फक्त क्रमांक बदलतो. एमपी३ तयार होताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी मुकी जागा जोडली जाते, आणि साधा प्लेअर ती तशीच वाजवतो. विलंबित संपून द्रुत सुरू होण्याच्या क्षणी षड्ज तुटतो. सलग वाजवण्याची सोय असलेला प्लेअर घ्यावा, याला मी चिपपेक्षा वरचा क्रमांक देतो. तसंच यादीचं. प्लेअरच्या पडद्यावर कलाकार, अल्बम आणि गाणं एवढेच रकाने असतात. राग कुठे लिहायचा, ताल कुठे, तबल्यावर कोण, बैठक कुठली? फ्लॅक फाइलीत हवे तितके रकाने तयार करता येतात, पण बहुतेक प्लेअर ते दाखवत नाहीत. ज्यात आपण केलेल्या घड्या, म्हणजे फोल्डर, जसेच्या तसे उघडतात, तोच आपल्या कामाचा.

हे सगळं जमलं तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो, की प्लेअरमध्ये घालायचं काय? भारतात मुद्रणाला १९०२ मध्ये सुरुवात झाली, आणि १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळं काम कर्ण्यातून चालत होतं. अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झच्या आसपासचंच काय ते त्यात उतरत होतं. त्यानंतर मायक्रोफोन आला तरी लाखेच्या तबकडीच्या खरखरीपासून गाण्याच्या शिखरापर्यंतचं अंतर चाळीस डेसिबलच्या आगेमागेच. सहाने भागा: सात बिटांत मावेल एवढा हा ऐवज. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजरवरून अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांच्या आतबाहेरची. तिला १,९२,००० नमुन्यांचा प्लेअर लावून काय मिळणार? जतन करणाऱ्या संस्था तबकड्यांच्या प्रती २४ बिटांत आणि ९६,००० नमुन्यांत करतात ते योग्यच आहे. पुढच्या दुरुस्तीला हात फिरवायला जागा लागते. ती कारागिराची गरज आहे, श्रोत्याची नव्हे.

आणि याच दुरुस्तीत सर्वांत मोठं नुकसान होतं. खरखर काढणाऱ्या संगणकीय पद्धतीला आधी खरखरीचा नमुना दाखवावा लागतो. तो घेतला जातो सहसा सुरुवातीच्या, गायकाने अजून तोंड न उघडलेल्या सेकंदांतून. पण आपल्या संगीतात ते सेकंद रिकामे नसतात. तिथे तंबोरा चालू असतो. पद्धतीच्या दृष्टीने जे हळू, अखंड आणि न बदलणारं, ते सगळं खरखर. म्हणून तंबोराही खरखरीबरोबर धुऊन निघतो. बाजारात 'पुनरुज्जीवित' म्हणून मिळणारी कित्येक मुद्रणं मी अशी ऐकली आहेत, की गायक कापसात गुंडाळल्यासारखा आणि त्याच्या मागे निर्वात पोकळी. त्याचीच 'काळीभोर पार्श्वभूमी' म्हणून स्तुती होते. ख्यालाला काळी पार्श्वभूमी नसते, षड्जाची असते. ती काढून घेतल्यावर कोमल गंधार किती खाली लावला आहे हे कशावरून मोजायचं? कोणताही प्लेअर, सोन्याचा असला तरी, हा तंबोरा परत आणू शकत नाही.

पुण्यामुंबईत, कोल्हापूर-मिरजेत आणि गोव्यातल्या घरांत खासगी बैठकांच्या कॅसेटी अजून खोक्यांत पडून आहेत. त्यांच्या प्रती करून देणारे पुष्कळ आहेत, आणि होणाऱ्या प्रतींत दोन दोष हटकून असतात. एक वेगाचा: डेक सहा टक्के पळत असेल तर काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं, आणि आवाज पातळ होतो तो वेगळाच. मुद्रणात कुठे पेटी स्पष्ट ऐकू येत असेल तर तिच्यावरून पट्टीचा अंदाज बांधता येतो. दुसरा दोष डेकच्या हेडच्या कोनाचा. ज्या यंत्रावर बैठक मुद्रित झाली त्याचं हेड आणि आपल्या डेकचं हेड केसभर तिरकं असलं, तरी वरचे अंशस्वर आधी जातात. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, डोळे मिटून, घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन तो अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करत राहायचं. एका ठिकाणी जवारी उघडते. तिथे थांबून प्रत करायची, आणि खरखर आहे तशी राहू द्यायची. पुढची कॅसेट दुसऱ्या यंत्रावर मुद्रित झालेली असते, त्यामुळे तिच्यासाठी स्क्रू पुन्हा फिरवावा लागतो.